सव्वा मूठ कुणाच्या नावाची?

वाचकांचे प्रश्न

या खेपेला नाशिक आणि आसपासच्या वाचकांची पाच पत्रं निवडली आहेत. कुणी कुळाचाराबद्दल विचारलंय, कुणी कारखान्यातल्या रजांबद्दल, कुणी सुनेच्या मराठीबद्दल. मुळाशी प्रश्न एकच आहे : रोजच्या वागण्यात आपण कुणाला आपल्यात धरतो आणि कुणाला नकळत बाहेर ठेवतो? पत्रं थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही सटाण्याकडचे, वीस वर्षांपासून सिडकोत राहतो. गावी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसायची तेव्हा सगळी भाऊबंदकी एका घरात असायची. इथे फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, मुलगा आणि मुलगी. मुलांना अहिराणी कळते, पण बोलत नाहीत. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू मोजताना मुलगी विचारते, ‘माझ्या नावाची मूठ का नाही?’ चौघांत कानबाई बसवावी का? आणि मुलीला काय सांगावं?

उत्तर : बसवा. चौघांची कानबाईही कानबाईच असते. अडचण येते ती माणसं कमी असल्यामुळे नाही, तर माप सुटल्यामुळे. तेव्हा आधी मापाचं बोलू.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी स्थापना, रात्री जागरण आणि गाणी, सोमवारी सकाळी डोक्यावरून मिरवत नेऊन विसर्जन, हा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या आणि मुलाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची रीत बहुतेक घरांत आहे. मोठ्या माणसाच्या एका मुठीत साधारण ४० ते ५० ग्रॅम गहू मावतात. वरची पाव म्हणजे बोटांच्या चिमटीत येतील तेवढे आणखी. म्हणजे एका नावाला पन्नास-साठ ग्रॅम. तुमच्या घरात चारही नावं धरली तरी जेमतेम पाव किलो भरतं.

शहरात घोळ होतो तो इथेच. पाव किलो गहू बघून लाज वाटते. देवीचं एवढंसंच कसं करायचं, म्हणून दोन-तीन किलो दळून आणतात. पण रोट भाऊबंदकीतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा दंडक आहे. चार माणसं तीन किलोचं खाणार कधी? श्रावणातल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मग टाकायचं तर पाप वाटतं, सोसायटीत वाटायचं तर नियम मोडतो. ‘आता झेपत नाही’ म्हणत कुळाचार बंद पडतो तो असा. मूठ ही हजेरी आहे. आज या कुळात किती माणसं आहेत हे देवीला सांगायचं ते माप. माणसं चार, तर मुठी चार. माप पाळलं की रोट दोन दिवसांत संपतात.

दळणाचं म्हणाल, तर गिरणीवाला पाव किलो एकट्याचं दळत नाही आणि दळलं तरी आदल्या गिऱ्हाइकाची बाजरी दगडाला चिकटलेली असते. सकाळी गिरणी उघडताना जा किंवा कुणाकडे घरघंटी असेल तर तिथे दळा. आधी मूठभर साधे गहू घालून काढा, ते पीठ बाजूला ठेवा, मग रोटाचे घाला. गहू निवडायला दोन्ही मुलांना बसवा आणि मूठ परातीत सोडताना ज्याचं त्याचं नाव मोठ्याने घ्या. हे नाव घेणंच मुलांच्या लक्षात राहतं. सजावट दर वर्षी बदलते, ती विसरली जाते.

नारळाचं थोडं जपून. कानबाई म्हणून पुजला जाणारा नारळ घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत येतो आणि बहुधा थोरल्या घरी असतो. तुम्ही वेगळी मांडणार असाल तर आधी थोरल्या घरी विचारा, मगच नवा नारळ घ्या. न विचारता मांडली की भावाभावांत उगाच अढी बसते आणि ती देवीपुरती राहत नाही.

आता मुलीचा प्रश्न. ‘तशी रीत आहे’ एवढंच सांगून तिला गप्प करू नका. कारण सांगा, कारण ते कारण कळण्यासारखं आहे. लेक लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाणार, म्हणून तिची मूठ इथे नाही. सून दुसऱ्या कुळातून आलेली, म्हणून तिचीही नाही. म्हणजे ज्या हातांनी गहू निवडले, दळले, रोट थापले, रात्रभर गाणी म्हटली, त्या हातांच्या नावाची मूठ कुठल्याच घरात नाही. तुमच्या मुलीला हे चटकन दिसलं, कारण ती मुठी मोजत होती. ज्या रीतीने तुमच्या मुलाला ‘मी या घरचा’ हे शिकवलं, त्याच रीतीने तिला ‘मी इथली पाहुणी’ हे शिकवलं, आणि दोन्ही एकाही शब्दाशिवाय.

आमचं मत स्पष्ट आहे : तिच्या नावाची सव्वा मूठ घ्या आणि तिच्या आईच्याही नावाची घ्या. थोरल्यांना आधी फोन करून सांगा. परवानगी मागू नका, कळवा. ‘आमच्याकडे मूठ सगळ्यांची घेतो’ एवढं वाक्य पुरतं. त्यावर कुणी रागावलं तर वाद घालत बसू नका, रोट पाठवा. रोट खाल्ले की निम्मा राग जातो, असा भाऊबंदकीचा जुना अनुभव आहे.

अहिराणीबद्दल. मुलांना कळते पण बोलत नाहीत, याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. आईबाप एकमेकांशी अहिराणी बोलतात आणि मुलाकडे तोंड वळवलं की प्रमाण मराठी सुरू करतात. मूल ऐकून शिकतं की ही भाषा मोठ्यांची आहे, माझ्याशी बोलायची नाही. त्यात पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव बरं’ म्हणायचं आणि ‘आठे’च्या जागी ‘इथे’ आलं की हसायचं. दोनदा हसलात की मूल तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

उपाय वेळापत्रकाचा नाही, माणसाचा आहे. घरातलं एक माणूस ठरवा, आजी असेल तर उत्तमच. त्या माणसाने मुलांशी फक्त अहिराणीच बोलायची. मुलं मराठीत उत्तर देतील, देऊ द्या. ‘काय करी ऱ्हायना?’ला ‘अभ्यास’ असं उत्तर आलं तरी पुढचा प्रश्न अहिराणीतच विचारा. पहिले काही महिने मुलं एक शब्दही बोलणार नाहीत. तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलांना आठ दिवस गावी धाडा. तिथे झोक्यावर नंबर लावायचा असला की ‘मना नंबर’ आपोआप तोंडात येतं, कारण तिथे ती भाषा कामाची असते.

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात मी पाळी-प्रमुख आहे. हाताखाली नाशिकचे, खानदेशचे, सुरगाणा-पेठचे आणि उत्तर प्रदेश-बिहारचे मिळून साठ जण. सणांच्या रजेवरून दर वर्षी तंटा होतो. श्रावण सुरू व्हायच्या आधीच काही जण ‘सावन लागला’ म्हणून कँटीनमधली अंडी बंद करा म्हणतात. शिवाय काम समजलं का विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात आणि निम्म्यांना समजलेलं नसतं.

उत्तर : सावनबद्दल ते बरोबर आहेत आणि तुम्हीही. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात त्यांचा पुढचा महिना लागलेला असतो. त्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर लागतो आणि पोळ्याच्या अवसेला संपतो. दोघांचे पंधरा दिवस सामाईक, पंधरा यांचे आधी, पंधरा आपले नंतर. कँटीनवाल्याला महिन्याचा नाही, दीड महिन्याचा बेत सांगा. अंडी सरसकट बंद करायची गरज नाही. वेगळा तवा, वेगळी कढई आणि वेगळी पळी ठेवा. तक्रार बहुधा अंड्याची नसतेच, एकाच पळीची असते.

सणाचे दिवस मात्र एकच येतात, नावं वेगळी असतात. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपदातली, दिवस तोच. म्हणून रजेचा तक्ता करताना महिन्यांची नावं लिहू नका, फक्त तारखा लिहा. निम्मा तंटा तिथेच मिटेल.

उत्तर प्रदेश-बिहारच्या लोकांची छठ, म्हणजे सूर्याचं व्रत, वेगळी धरा. कार्तिक शुद्ध षष्ठी, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर साधारण सहावा दिवस. व्रत चार दिवसांचं : नहाय-खाय, खरना, षष्ठीला मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि सप्तमीला उगवत्याला. व्रत करणारी बहुधा घरातली बाई असते, तीही छत्तीस तास पाण्याविना. तुमचा कामगार डोक्यावर पूजेचं सूप आणि दउरा (टोपली) घेऊन तिच्याबरोबर गोदेवर जाणार, म्हणजे षष्ठीची दुसरी पाळी आणि रात्रपाळी दोन्ही त्याला जमणार नाहीत. त्या दिवशी त्याला पहिली द्या, सप्तमीला दुसरी. पूर्ण रजा लागत नाही, पाळी बदलली तरी भागतं. हे आधी विचारलं तर तो दिवाळीत तुमच्यासाठी थांबतो. आपली माणसं लक्ष्मीपूजन-पाडवा-भाऊबीज मागतात, तेव्हा कारखाना ही उत्तरेकडची माणसंच चालवतात, हे लक्षात घ्या.

सुरगाणा-पेठच्या लोकांसाठी मार्गशीर्ष बघा. तिकडच्या आदिवासींचा डोंगऱ्या देवाचा उत्सव एका दिवसाचा नसतो आणि नवस बोललेला माणूस मधूनच उठून येत नाही. त्याला ‘एक दिवस घे’ म्हणालात तर तो न सांगता आठ दिवस जाईल आणि तुम्ही त्याला बेजबाबदार ठरवाल. दिवाळीनंतर लगेच विचारून ठेवा. ईदची तारीख चंद्रावर असते, तेव्हा लागोपाठच्या दोन दिवसांसाठी माणूस राखून ठेवा. रमजानात संध्याकाळच्या चहाची सुट्टी सूर्यास्ताला जोडा. घड्याळात पाच-दहा मिनिटांचा फरक, पण माणूस यंत्रापाशी उभ्या उभ्या खजूर तोंडात टाकत नाही. १४ एप्रिलची रजा मात्र कुणाला मागायला लावू नका, ती आधीच तक्त्यात हवी.

‘हो’चं उत्तर छोटं आहे. आपल्याकडे वरच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं उर्मटपणाचं समजतात. ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’. ‘बघतो’ म्हणजे बहुधा ‘नाही’. ‘करून टाकू’ म्हणजे कधी ते ठरलेलं नाही. म्हणून ‘समजलं ना?’ हा प्रश्नच सोडा. ‘आधी कुठला नट सोडशील?’, ‘माप किती ठेवशील?’ असं विचारा. उत्तर ‘हो’ने देता येणार नाही असा प्रश्न असला की कळतं. आणि चारचौघांत विचारू नका. नाही समजलं हे सांगायला माणसाला आडोसा लागतो.

प्रश्न : सूनबाई लखनौची, आम्ही गंगापूर रोडला. मराठी मन लावून शिकते. पण मला ‘तुम्ही’, सहा वर्षांच्या नातवालाही ‘तुम्ही’. घरातून निघताना ‘मी जाते’ म्हणते, माझ्या काळजात चर्र होतं. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आम्ही रविवारी वणीला जाऊ.’ मला वाटलं, मी त्यात नाही. ती असं मुद्दाम करते का?

उत्तर : मुद्दाम नाही. तुम्हाला जे दुखलं ते व्याकरण आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की समोरचा माणूस वगळला, ‘आपण जाऊ’ म्हटलं की धरला. गुजरातीतही हा भेद आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे. हिंदीत नाही. तिथे दोन्हींना ‘हम’, आणि लखनौकडे तर ‘मी’ म्हणायलाही ‘हम’ म्हणतात. तिने ‘हम’चं सरळ ‘आम्ही’ केलं. तिच्या मनात तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होतात, शब्दाने तुम्हाला खाली उतरवलं.

हे तिला समजावून सांगताना व्याख्या सांगू नका, दोन वाक्यं सांगा. ‘आपण वणीला जाऊ’ म्हणजे आईही. ‘आम्ही दोघं वणीला जाऊन येतो’ म्हणजे आई घरी. आठवडाभर स्वयंपाकघरात हाच खेळ खेळा : आपण चहा घेऊ, आम्ही चहा घेतला. पंधरा दिवसांत बसतं.

‘तुम्ही’चं उलटं आहे. तिच्या घरी लहान मुलालाही ‘आप’ म्हणतात, ती माया आहे. शिवाय हिंदीतला ‘तू’ तिच्या कानाला तुसडा लागतो. आपल्याकडे मात्र आईला ‘तू’, देवाला ‘तू’, विठ्ठलाला तर अगदी भांडून ‘तू’. जवळचं माणूस जितकं मोठं, तितका ‘तू’ मोकळा. पण सासूला आपणहून ‘तू’ म्हणायला कुठलीच सून धजावणार नाही, मग ती लखनौची असो की लासलगावची. तुम्हाला ‘ए आई’ हवं असेल तर तुम्ही ते मागायला हवं, एकदा, शब्दांत. ‘मला तू म्हण’ एवढं म्हणा. ‘तुम्ही’च बरं वाटत असेल तर तसंही सांगा, त्यातही गैर काही नाही. न सांगता वाट बघत राहिलात तर दोघी अवघडून राहाल. नातवाला मात्र ‘तुम्ही’ म्हणू द्या. पोरगं खूश असेल.

आता ‘जाते’. हा नुसता अंधविश्वास म्हणून उडवून लावण्यासारखा प्रकार नाही. आपल्या भाषेत संपणं, फुटणं, विझणं, जाणं ही क्रियापदं घरातल्या गोष्टींना लावत नाहीत. दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, म्हणजे निघतानाच परतीचं बोलून ठेवतो. कान या घरात तयार झाला की ‘जाते’ ऐकून चर्र होणारच. तिचा कान तसा तयार झालेला नाही, एवढंच.

हे चार-पाच शब्द तिला एकटीला, निवांत वेळी सांगा, कारणासकट. पाहुण्यांसमोर दुरुस्ती नको, आणि सगळी यादी एका दिवशी नको. एका वेळी एक शब्द. उंबऱ्यात ती ‘जाते’ म्हणाली तर तुम्ही नुसतं ‘ये हं’ म्हणा. काही दिवसांत ती स्वतःच ‘येते’ म्हणेल, कारण ‘ये हं’ला ‘जाते’ जुळत नाही.

तिच्याकडूनही एक समजून घ्या. तिकडच्या बऱ्याच घरांत मुली आईवडिलांच्या पाया पडत नाहीत, उलट मुलींना देवी मानून त्यांच्याच पाया पडतात. तुमची लेक माहेरी आल्यावर तुमच्या पाया पडते तेव्हा सूनबाई चपापली असेल, तर तो अनादर समजू नका.

प्रश्न : नाशिक रोडला आमच्याकडे संक्रांतीचं मोठं हळदीकुंकू असतं. माझी मोठी जाऊ तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. तीळगूळ तीच वळते, वाणं तीच आणते, आणि बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते. मला हे सहन होत नाही. सासूबाई म्हणतात, रीत पूर्वीपासून अशीच आहे.

उत्तर : पूर्वीपासूनचंच सांगायचं तर जानेवारी १८५२मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी तीळगुळाचा समारंभ केला आणि सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील हे निमंत्रणातच लिहिलं. तीही संक्रांतच होती. आणि नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं दारात उभी होती. तेव्हाही दार उघडू नये म्हणणाऱ्यांचा आधार रीतीचाच होता. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे प्रकार बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. रीत माणसं घालतात आणि माणसंच बदलतात. सासूबाईंना हे शांतपणे सांगता येईल.

पण करताना जरा बेताने करा, नाहीतर जाऊबाईंनाच त्रास होईल.

सर्वांत आधी त्यांना एकट्यात विचारा : तुम्हाला बाहेर बसायचं आहे का? आणि कुंकू लावून घ्यायचं आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही जणींना बसायचं असतं, पण कुंकवाचा क्षण नको असतो. पहिल्याच वर्षी त्यांना मधोमध बसवून सत्कार करू नका. सगळ्या नजरा एकदम अंगावर आल्या की त्या पुन्हा बाहेर येणार नाहीत. त्यांना काम द्या. अत्तर लावायचं काम उत्तम, कारण प्रत्येकीचा हात हातात घ्यावा लागतो. मनगटाच्या वरच्या बाजूला अत्तराचं बोट टेकवलं आणि ‘या हं’ म्हटलं, की आलेली बाई आपोआप ‘तुम्ही कशा आहात?’ विचारते. मग जाऊबाई त्या खोलीत असतात, खऱ्या अर्थाने.

कुंकवाचा करंडा सगळ्यांसमोर जसा फिरतो तसाच त्यांच्यासमोर धरा, त्याच गतीने. आवाज खाली आणू नका, थांबू नका. त्यांनी स्वतः बोट बुडवलं तर बुडवलं, नुसती हळद लावली किंवा मान हलवली तरी करंडा पुढे. नंतर तीळगूळ, वाण, ओटी, सगळ्यांना जे आणि ज्या क्रमाने तेच त्यांनाही. ‘त्यांचं नंतर बघू’ झालं की सगळं फुकट.

आमंत्रण करताना मोबाइलवरच्या सामायिक निरोपावर थांबू नका. आणखी एखाद्या ओळखीच्या विधवा बाईला स्वतः फोन करा आणि ‘हळदीकुंकवाला ये’ हे पूर्ण वाक्य उच्चारा. ‘संध्याकाळी चहाला ये’ म्हटलं तर त्या ओळखतात आणि येत नाहीत. एकीपेक्षा दोघी असल्या की जाऊबाईंवरचा भार निम्मा होतो. ज्या एक-दोन जणी नाक मुरडतील असं वाटतं, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. ज्यांना पटणार नाही त्या येणार नाहीत. तेवढी दोन वाणं उरतील, उरू द्या.

प्रश्न : नुकते बदली होऊन इंदिरानगरला आलो आहोत. होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग घेऊन खाली उतरलो तर कुणीच नव्हतं. इथे रंगपंचमीला खेळतात म्हणे, आणि जुन्या नाशकात रहाडीत उडी मारतात. बाहेरच्यांनी जावं का?

उत्तर : जरूर जा. धुळवडीला नाशकात वीरांची मिरवणूक असते, घराण्यातल्या पूर्वजांचे टाक गोदेवर स्नानाला नेतात. रंगाचा दिवस होळीनंतर पाच दिवसांनी, फाल्गुन वद्य पंचमीला. रहाडी पेशवेकालीन मानल्या जातात. जमिनीतले हे हौद ८ ते १० फूट खोल आहेत. वर्षभर वरून बुजवलेले असतात आणि त्यांच्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी उघडतात, साफ करतात, पूजा होते, मग रंगाचं पाणी. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी प्रसिद्ध आहेत.

आत उडी मारणं म्हणजे ‘धप्पा’. आपला नंबर येईपर्यंत थांबा, आधीचा बाहेर आल्याशिवाय उडी नको. लागतं ते पाण्याने नव्हे, एकमेकांच्या डोक्याने. खिशात काही ठेवू नका, चष्मा काढा, पोहता येत नसेल तर काठावर बादली अंगावर घ्या, तोही मान चालतो. पाण्यातून वर आल्यावर प्रत्येकाच्या अंगाला एकच रंग असतो आणि शेजारचा कोण हे ओळखू येत नाही. नव्या माणसाला गावात शिरायला याहून सोपी वाट आम्हाला तरी माहीत नाही.

सोसायटीत रंग करायचा असेल तर पळसाच्या फुलांचा करा. पाव किलो सुकी फुलं, पाच लिटर पाणी, पंधरा-वीस मिनिटं उकळी, रात्रभर तसंच ठेवून सकाळी फडक्यातून गाळायचं. पिवळा येतो. केशरी हवा असेल तर खायच्या चुन्याची हरभऱ्याएवढी गोळी कालवा, जास्त नको, अंगाला चुरचुरतं. आणि लोखंडी पातेल्यात उकळू नका, रंग काळपट होतो, स्टीलचं घ्या.